आजार झाला, आता लायसनचं काय?

आज विषय गाडीचा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्कूटी चालवतात. कोणी बँकेत भरणा करायला, कोणी पोरांना शाळेत सोडायला, कोणी माझ्यासारखी गावोगावच्या बैठकांना. लायसन पर्समध्ये असतं. पण ते काढताना आपण कशावर सही केली, हे किती जणींना आठवतं?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या एका ताईमुळे. तिला विचारूनच सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही. वय ३६. दहा गावांतल्या गटांची रजिस्टरं तीच तपासते. गेल्या एप्रिलात कुसुंब्याची बैठक आटोपून आम्ही दोघी धुळ्याकडे निघालो होतो. गाडी ती चालवत होती. मी मागे, मांडीवर रजिस्टरांची पिशवी. दुपारचे दोन वाजलेले. एकाएकी तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "मला दोन ट्रक दिसताय, एकाला एक चिकटलेले." समोर ट्रक एकच होता. पाय टेकवायला गेली तर उजवा पाय टेकेना. गाडी तशीच कलंडली. फार लागलं नाही. निंबाखाली बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मना पाय मना राहिना नही."

ऊन लागलं असं समजून आठ दिवस गेले. मग डॉक्टरांनी नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय झाला आणि आजाराचं नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस.

विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांसमोर आणा. तिच्यावरचं रबर जागोजागी खरवडलं गेलं तर मोटार कधी चालते, कधी नुसती घुरघुरते, कधी बंदच पडते. मेंदूकडून डोळ्यांकडे, हातापायांकडे जाणाऱ्या नसांवरही असंच आवरण असतं. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून त्याच आवरणावर उलटते. हा आजार एकीचा दुसरीला लागत नाही, आणि यात 'बाहेरचं' काही नाही. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, बहुतेकदा वीस ते चाळीस या वयात. कोणाला अंधुक दिसतं, कोणाचा पाय जड पडतो, कोणाला न काम करताही थकवा येतो. बऱ्याच जणींना त्रास काही आठवडे राहतो आणि ओसरतो, मग पुन्हा कधीतरी येतो. अंग तापलं की तो तेवढ्यापुरता वाढतो, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

ताईचा पाय दीड महिन्यात सरळ झाला, डोळाही निवळला. तिने पुन्हा किल्ली हातात घेतली आणि मला विचारलं, "आरटीओत सांगावं लागेल का गं?"

मी म्हटलं, "कशाला? तुझ्या लायसनला अजून चार वर्षं आहेत. सांगितलं तर काढून घेतील, मग मानधनाचं काय?"

समन्वयक मी, बी.ए. झालेली मी, आणि कायद्याचा कागद न बघता सल्ला देऊन मोकळी झाले. घरी गेल्यावर मात्र तो कलंडलेला क्षण डोळ्यांपुढून जाईना. मागे मी होते म्हणून ठीक, तिचं पोरगं असतं तर?

मग मी फॉर्म नंबर १ काढून वाचला. लायसन काढताना आपल्या तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचा हा कागद. त्यात विचारलेलं असतं, फीट येते का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का. २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. हातापायाच्या हालचालीत किंवा ताकदीत काही दोष आहे का. आणि शेवटी असा प्रश्न, की तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार आहे का, असेल तर माहिती द्या. माझ्या वेळी हा सगळा फॉर्म एजंटने भरला होता. मी फक्त सही केली. तुमच्यापैकी बहुतेकींचं असंच झालं असणार. पण सही आपली, म्हणजे उत्तरही आपलंच.

चाळिशीनंतर लायसन काढताना किंवा नवं करून घेताना डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, लागतो. ताई चाळिशीच्या आतली, आणि आजार आला तो मधेच. ब्रिटनमध्ये एम.एस. झाला की लायसनच्या कचेरीला कळवावंच लागतं, नाही कळवलं तर हजार पौंडांपर्यंत दंड. आपल्या कायद्यात आजाराचं नाव घेऊन असं काही म्हटलेलं नाही. म्हणून मोकळीक आहे असं मला वाटलं होतं. तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८६ बघा. आपल्या आजाराने लोकांना धोका होऊ शकतो हे माहीत असून जी व्यक्ती रस्त्यावर गाडी चालवते, तिला पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम मोठी नाही. 'माहीत असून' हे शब्द मोठे आहेत. ताईला आता माहीत होतं. आणि मलाही.

सांगितलं तर लायसन जातंच का? नाही. कलम १६ प्रमाणे आरटीओला योग्य कारण दिसलं तर लायसन रद्द करता येतं, किंवा ते चालू ठेवण्यासाठी वैद्यकीय दाखला मागता येतो. रद्द केलंच तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. नुसतं आजाराचं नाव बघून निकाल लागत नाही, गाडी सांभाळता येते की नाही हे बघायचं असतं. ब्रिटनमध्येही कळवणाऱ्या कित्येकांना एक, दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरतं लायसन देतात आणि मुदत संपली की पुन्हा तपासतात. आपल्याकडे पाय कमजोर असेल तर बदल केलेल्या गाडीचं लायसन मिळू शकतं, जसं बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर. पण तो बदल आरसी बुकावर नोंदवून घ्या, गॅरेजवाल्याच्या भरवशावर राहू नका.

तिच्या घरी मात्र सोपं नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, आजाराचा कागद सरकारी कचेरीत कशाला, धाकट्या नणंदेचं लग्न ठरायचंय. त्यांची भीती मला कळते. एम.एस. बायकोला झाला म्हणून नणंदेला होत नाही, हे आम्ही दोघींनी बसून दोनदा समजावलं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही, पण अडवलं नाही.

ताईने साधा अर्ज लिहिला. नाव, लायसन नंबर, आजार कधी कळला, सध्या काय त्रास आहे. सोबत डॉक्टरांचं पत्र. त्यात नुसतं 'एम.एस. आहे' असं नको, नजर कशी आहे, हातापायात ताकद किती, आणि गाडी चालवावी की नाही, हे लिहून मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. पोच हातात नसेल तर दिलेला कागद दिलाच नाही असं होतं, हे गटाच्या कामात आपण शिकलोच आहोत. तिच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत गाडी चालवू नका, मग पुन्हा तपासू, असं लिहिलं आहे. तेही तिने अर्जाला जोडलं.

आणखी एक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यात एम.एस.चं नाव आहे. तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र काढलं तर लायसन आपोआप रद्द होईल, या भीतीने कोणी थांबू नका. तसं होत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून या आजाराच्या लोकांसाठी काम करते, तिच्या शाखा मुंबईत आणि पुण्यात आहेत.

सध्या ताई एसटीने फिरते. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निभतं, पण बस नसलेल्या तीन गावांचा प्रश्न होता. ती गावं आमच्या एका तरुण सभासदाने घेतली, आणि तिचं पेट्रोल ग्रामसंघाच्या खर्चात धरायचं ठरलं. ठराव सहज झाला नाही, दोन जणी शेवटपर्यंत विरोधात होत्या. मानधन ताईचं कमी झालेलं नाही. उन्हाळ्यात बैठका सकाळी आठला घ्यायच्या, हेही त्यातच ठरलं, आणि ते सगळ्याच जणींना आवडलं.

पुढच्या बैठकीला येताना आपापलं लायसन घेऊन या, त्यावरची मुदतीची तारीख बघू. फॉर्म नंबर १च्या झेरॉक्स मी आणते. एकेक प्रश्न मोठ्याने वाचू आणि ज्याचं उत्तर 'हो' आहे, ते तिथेच 'हो' म्हणू. नमस्कार.