आधी खडू, मग विसार



लग्नघरी घराघरांतून भांडी गोळा होतात. पंगती उठल्या की भांड्यांचा ढीग पडतो. त्या ढिगातून आपलं पातेलं आपण कसं ओळखतो? काठावर कोरलेलं नाव वाचून. इंजिनाचंही तसंच असतं. ते नाव वाचायला आमचा गट शिकला, पण एक अख्खा हंगाम गमावून शिकला. तुमचा जाऊ नये म्हणून आज बोलते आहे.

आम्ही दहा जणी, सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या. पाहुण्यांना कांदळवन दाखवायला बोट घ्यायची ठरवली. गटाची बचत आणि बँकेचं कर्ज मिळून एक जुनी लाकडी बोट घेतली. पन्नास वर्षांची बोट, पण लाकूड ठणठणीत. विकणारा म्हणाला, "ताई, इंजिनसुद्धा मूळचंच. बोटीच्या जन्मापासूनचं." इंजिनावर पितळी पाटी होती. पाटीवरचा नंबर कागदातल्या नंबराशी जुळला. आम्ही पैसे मोजले.

मग तपासणीला अधिकारी आले. त्यांनी पाटीवर नजर टाकली आणि रॉकेलचा बोळा मागितला. इंजिनाच्या बाजूला लोखंडावर चोळला. खाली ठोकलेला नंबर दिसला, तो वेगळाच. जुन्या बिलात इंजिन दोन सिलिंडरचं लिहिलेलं, समोरचं तीनचं. बोट आमच्या नावावर होणं तिथेच थांबलं. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून पाहुणे नाहीत. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. गाईच्या कानातला बिल्ला जुळला नाही तर विम्याचे पैसे अडतात, हे आपल्याला पाठ आहे. इंजिनाच्या वेळी मात्र ते आठवलं नाही. धक्क्यावर कुणीतरी म्हणालंच, "बायकांक इंजिनातला काय कळतला?" ते फार लागलं. म्हणून आम्ही शिकलो.

पहिली गोष्ट. पाटी स्क्रूने नाहीतर रिबिटाने बसवलेली असते. म्हणजे ती एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर लावता येते. आमच्या इंजिनावर सगळीकडे गंज आणि तेलाची काजळी, पण पाटी लखलखीत आणि तिचे स्क्रू नवे. हे दहा जणींपैकी एकीच्याही डोळ्यांना खुपलं नाही.

खरा नंबर इंजिनाच्या मुख्य लोखंडी भागावर, म्हणजे ब्लॉकवर, ठोकलेला असतो. तो शोधायला रॉकेलचा बोळा आणि पितळी तारेचा ब्रश पुरतो. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका, आकडे पुसट होतात. जागा कोरडी करून वरून खडू आडवा फिरवा. खोलगट आकड्यांत खडू भरतो. वरचा हलक्या हाताने पुसला की आकडे पांढरे उठून दिसतात. किंवा कागद ठेवून पेन्सिल घासा. मुलं नाण्याचा छाप उठवतात ना, तसं. त्या कागदावर तारीख घाला आणि सह्या करा.

दुसरी गोष्ट. ब्लॉकवर दोन तऱ्हेचे आकडे सापडतात. वर उचललेले आकडे साच्यातून आलेले असतात. त्या साच्यातल्या प्रत्येक ब्लॉकवर ते सारखेच, जसा भांड्याच्या बुडावरचा कंपनीचा छाप. आत ठोकलेला नंबर त्या एकाच इंजिनाचा, जसं आपलं कोरलेलं नाव. कागदाशी जुळवायचा तो हा.

तिसरी गोष्ट, लाकूड खोटं बोलत नाही. बोटीतल्या फळ्या उचला. इंजिन ज्या दोन लांब लाकडांवर बसतं ती नीट बघा. इंजिन बदललं असेल तर जुन्या बोल्टांची भोकं खुंट्या मारून बुजवलेली दिसतात. धुराच्या नळीचं जुनं भोक कुठे बंद केलं आहे का, तेही बघा. आमच्या बोटीत चार बुजवलेली भोकं होती. त्यांतलं अंतर आताच्या इंजिनाच्या पायांशी जुळत नव्हतं. मूळ इंजिन लहान होतं, हे त्या लाकडानेच सांगितलं.

चौथी गोष्ट. कधी कधी ट्रकचं इंजिन बोटीत बसवतात. ते चालतं, पण बोटीसाठी त्याला पाण्याने थंड ठेवण्याची वेगळी सोय आणि पुढे-मागे नेणारा बोटीचा गिअरबॉक्स लागतो. ही कामं नीट केली आहेत का, ते ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. विकणाऱ्याच्या मिस्त्रीला नको.

तुमच्या होडीला मागे अडकवायचं इंजिन असेल, तर होडीला धरणाऱ्या पकडीवरची पाटी बघा. पण ती पकडसुद्धा बदलता येते, म्हणून ब्लॉकवरही नंबर सापडतो का ते शोधा. असली इंजिनं ओल एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ साली विकायला सुरुवात केली. त्यांच्या धंद्याचा कारभार आणि जाहिराती सांभाळल्या त्यांच्या बायकोने, बेस यांनी. धक्क्यावर पुन्हा कुणी टोमणा मारला तर हे सांगा.

आता आमचं पुढे काय झालं ते. गावातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला आठवलं, की या बोटीचं जुनं इंजिन खाडीपलीकडच्या सुपारीच्या बागेत पाणी ओढतं. आम्ही चौघी खडू घेऊन गेलो. पाटीच्या जागी नुसती चार भोकं. बाजूला खडू फिरवला आणि आमच्या कागदातला नंबर पांढरा होऊन वर आला! बागवाल्याने इंजिन कधी आणि कुणाकडून घेतलं ते लिहून दिलं. मग विकणाऱ्याला नव्या इंजिनाचं बिल शोधून द्यावं लागलं, प्रतिज्ञापत्रही करावं लागलं. इंजिन बदलल्याची नोंद झाली आणि बोट आमच्या नावावर आली. पाटी कुणी हलवली, हे आम्ही विचारलं. उत्तर मिळालं नाही. तोवर मे संपला होता. हप्ते आम्ही कोकम आणि पापड विकून भरले.

एक सांगते, आताचं इंजिन चांगलं आहे. त्याच इंजिनावर आम्ही आज पाहुण्यांना फिरवतो. मूळ इंजिन नसणं हा दोष नाही. पन्नास वर्षांत इंजिन बदलणारच. दोष एकाच्या अंगावर दुसऱ्याचं नाव लावण्यात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, बोट असो, पाण्याचा पंप असो, पिठाची गिरणी असो, जुनं यंत्र घेताना कागद हातात धरा, खाली वाका आणि नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. विकणारा घाई करत असेल तर चहा घ्या आणि परत या. आधी खडू, मग विसार.