सतरंज्या उचलायच्या की हिशेब मागायचा?
(धारूर येथील बैठकीतील भाषण)



पुढाऱ्याची सभा आली की सतरंज्या उचलायला, झेंडे बांधायला गावाला पोरं लागतात. ठराव करायची वेळ आली की त्याच पोरांना आपण म्हणतो, तुम्हाला काय कळतं? आज आपल्याला याच पोरापोरींविषयी बोलायचं आहे.

2016 चा उन्हाळा आठवा. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई, अशा 3 तालुक्यांत झाली. 2017 साली तालुके 30 झाले, त्यात धारूर होतं. कारखान्यांचे पट्टे पडून ऊसतोडीची माणसं घरी आलेली असतात, त्याच दिवसांत कामं झाली. गावानं निवडलेली माणसं शिबिरात शिकून आली, त्यात बायाही होत्या.

शिकली काय? दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि दोरीला बांधलेला दगड, अशी ए-फ्रेम घेऊन उतारावर समपातळी रेषा आखायला. 10 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल चर एकदा भरला की 1,800 लिटर पाणी धरतो. हे गणित आम्ही कृषी महाविद्यालयात फळ्यावर केलं. बालाघाटाच्या माळावर ते शाळा सुटलेल्या पोरांनी कुदळीनं सोडवलं. शिवाय पहाटे माणसं उठवायची, कामाची वाटणी करायची, बांधावरून भांडणाऱ्या दोन भावकींना एका चरावर आणायचं, डिझेलचा हिशेब ठेवायचा. पुढारपण याहून वेगळं काय असतं?

पण चर गाळानं भरतो, बांध फुटतो. वॉटर कप 2019 नंतर थांबला. बक्षीस नाही, कॅमेरा नाही, तरी जिथं पोरं पावसाळ्याआधी गाळ काढायला जातात, तिथं पुढारी तयार झाला असं समजा. बाकी ठिकाणी नुसता उत्सव झाला.

दुसरी गोष्ट. श्रमदान म्हणजे फुकटची वेठबिगारी नव्हे. 1972 च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी खडी फोडली. त्या कामातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली कायदा झाला. त्यांनी घाम गाळला आणि दामही मागितला. जो स्वतःच्या शिवारासाठी राबतो, त्यानं सरकारी पैशाच्या कामाचा हिशेब मागायलाच पाहिजे.

त्यासाठी जागा आहे ग्रामसभा. वर्षातून निदान 4 ग्रामसभा व्हायला हव्यात. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांत जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. अठरा वर्षं पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आलं की पोरगी असो वा पोरगा, तो ग्रामसभेचा सभासद. एकवीस वर्षं पूर्ण झाली की पंचायतीची निवडणूकही लढवता येते.

म्हणून प्रत्येक गावात तीन कामं पोरांवर सोपवा. एक, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी मोजून चावडीच्या भिंतीवर लिहायची. रब्बीत ज्वारीला पाणी पुरेल का, हे त्या आकड्यांवरून दिसेल. दोन, कपाशीत कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले की फवारणीची वेळ आली. 2017 साली या अळीनं महाराष्ट्रभर कपाशीचं मातेरं केलं. तेव्हा गावोगाव मोजणारं कोणी असतं तर वेळेवर इशारा मिळाला असता. तीन, प्रत्येक ग्रामसभेत एक लेखी प्रश्न द्यायचा आणि उत्तराची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावायची.

या तीन वह्यांपैकी एक तरी मुलीच्या हातात असू द्या. ऊसतोडीला बायाही पुरुषांच्या जोडीनं कारखान्यावर जातात, मग गावाच्या हिशेबातही त्यांचा वाटा हवा.

पुढच्या बैठकीला या वह्या आणा. ज्यांनी लिहिल्या त्यांना पुढं बसवू आणि आधी त्यांचंच ऐकू.