जुना खेळ, नवें यंत्र

पाटोदा हें बीड जिल्ह्यांतील, बालाघाटाच्या डोंगरांमधील तालुक्याचें गांव. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. त्यामुळें त्या भागांतील जुनीं दप्तरें कांहीं मोडींत, तर कांहीं उर्दूंत आहेत. 2023 सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठीं मराठवाड्यांतील जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां या लिप्या वाचणारीं माणसें शोधून आणावीं लागलीं. कागद शाबूत होता, शाईहि शाबूत होती. परंतु नव्या पिढीला तें अक्षर लागत नव्हतें. आज मी ज्या विषयावर आपणांशीं बोलणार आहें, तो वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. पण त्याच्या मुळाशीं हीच अडचण आहे. जुने व्हिडिओ गेम नव्या यंत्रावर चालतात कीं नाहीं, आणि न चालले तर आपण काय गमावतों, हा तो विषय होय.

व्हिडिओ गेम म्हणजे डिस्कवर किंवा कॅसेटींत भरून ठेवलेली आज्ञांची एक लांबलचक मालिका. या आज्ञा एका विशिष्ट यंत्राच्या बोलींत लिहिलेल्या असतात. यंत्राचा मेंदू बदलला कीं बोलीहि बदलते. 1990 नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे टी.व्ही.ला जोडून जे खेळ खेळले जात, त्यांचें यंत्र बहुधा निन्टेन्डो कंपनीच्या 1983 सालच्या जपानी यंत्राची नक्कल असे. त्याच्या कॅसेटीला साठ दाते असत. याच कंपनीनें अमेरिकेंत विकलेल्या यंत्राच्या कॅसेटीला मात्र बहात्तर! कुळ एकच, परंतु एकाची कॅसेट दुसऱ्यांत बसत नसे. पुढें 1990 सालीं कंपनीनें जपानांत अधिक सामर्थ्याचें नवें यंत्र काढलें, त्यावर जुन्या कॅसेटी चालत नव्हत्या.

यावर उपाय दोन. पहिला, नव्या यंत्राच्या पोटांत जुना मेंदूहि ठेवावयाचा. 2000 सालीं आलेल्या प्लेस्टेशन टू या यंत्रानें हेंच केलें, आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या बहुतेक डिस्का त्यावर चालूं लागल्या. दुसरा उपाय बहुरूप्याचा. नवें यंत्र जुन्या यंत्राचें सोंग घेतें आणि प्रत्येक आज्ञेचा चालतां चालतां आपल्या बोलींत अर्थ लावतें. 2005 चें एक्सबॉक्स 360 जुने खेळ अशा रीतीनें चालवी. परंतु सोंग वठविणें सोपें नव्हे. एका खेळांत जमलेलें सोंग दुसऱ्यांत उघडें पडतें. म्हणून एकेक खेळ तपासून पाहावा लागतो. पहिल्या उपायाला पैसा लागतो, दुसऱ्याला कष्ट. 2006 सालीं प्लेस्टेशन थ्री निघालें, तेव्हां आरंभींच्या यंत्रांत मागील यंत्राचे भाग घातलेले होते. पुढें किंमत उतरविण्यासाठीं ते काढण्यांत आले, आणि 2009 च्या सडपातळ आवृत्तींत प्लेस्टेशन टूच्या डिस्का चालण्याची सोय उरली नाहीं.

नेमका याच सुमारास आपल्या देशांत या यंत्रांसाठीं खेळ तयार होऊं लागले होते, ही खेदाची गोष्ट आहे. प्लेस्टेशन टू भारतांत पुष्कळ वर्षें विकलें गेलें. त्यासाठीं 2009 सालीं हैदराबादेंत 'हनुमान: बॉय वॉरिअर' हा खेळ तयार झाला. 'देसी अड्डा' या खेळांत कबड्डी, विटीदांडू आणि पतंग आले. 2010 सालीं मुंबईच्या ट्राइन या संस्थेनें 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' हा गल्लींतील क्रिकेटचा खेळ काढला. जगांत जन्मलेल्या शेंकडों खेळांत आपली गल्ली प्रथमच अवतरत होती. आणि जिच्यावर ती अवतरली ती डिस्क दुकानांतील नवें यंत्र वाचीत नव्हतें! 2020 सालचें प्लेस्टेशन फाइव्ह आपल्या आधींच्या यंत्राचे बहुतेक सर्व खेळ चालवितें. या डिस्का मात्र त्यालाहि वाचतां येत नाहींत.

कोणी म्हणेल, चांगले खेळ कंपन्या पुन्हां विकतातच कीं! विकतात, परंतु कोणते, हें खपावरून ठरतें. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें 2023 सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, अमेरिकेंत 2010 पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा 87 खेळ त्या वेळीं रीतसर विकत मिळत नव्हते. कंपन्यांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. खेळांतील गाणीं, मोटारी, खेळाडूंचीं नांवें यांचे परवाने ठराविक मुदतीचे असतात. एक्सबॉक्सच्या कंपनीनें 2021 सालीं जुने खेळ नव्या यंत्रावर आणण्याचें काम आटोपतें घेतलें, तेव्हां कायद्याच्या, परवान्यांच्या आणि तंत्राच्या अडचणी हेंच कारण दिलें. पण कारण कितीहि खरें असलें, तरी अशा चाळणींतून गळून पडतात ते लहान खेळ, लहान बाजारपेठांचे खेळ, अर्थात् आपले.

येथें पाटोद्यासारख्या गांवाचा विचार पुन्हां करावा लागतो. एक्सबॉक्स वनमध्यें जुनी डिस्क घातली, तरी तो खेळ इंटरनेटवरून नव्यानें उतरवून घ्यावा लागे. डिस्क केवळ मालकीची खूण. शहरांतील घराला याचें कांहीं वाटत नाहीं. जेथें सारी मदार मोबाइलच्या रोजच्या डेट्यावर असते, तेथें मात्र हा अडसर मोठा. उलट, जुनें यंत्र आणि जुनी डिस्क यांना वीज आणि टी.व्ही. यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

म्हणून आपल्या घरीं नवें यंत्र येईल, तेव्हां एवढें करावें. जुनें यंत्र, त्याच्या तारा, हातांत धरावयाचें साधन आणि खेळाची प्रगति साठविणारें मेमरी कार्ड एकत्र बांधून ठेवावें. कित्येक नव्या टी.व्हीं.ना लाल, पांढऱ्या व पिवळ्या तारांचीं छिद्रें नसतात. तेव्हां मधला जोड मिळतो तोंवर घेऊन ठेवावा. यंत्र गांवाकडील भाच्यापुतण्यांना द्यावयाचें असेल, तर डिस्कांसह सगळें बिऱ्हाड द्यावें. नुसत्या डिस्का म्हणजे कुलपावांचून किल्ली.

आणि आपल्या ग्रंथालयांनीं व विद्यापीठांनीं एवढें तरी करावें कीं, या देशांत घडलेल्या खेळांच्या डिस्का त्या चालविणाऱ्या यंत्रासह जतन कराव्या. मोडी वाचणारा माणूस कांहीं महिन्यांच्या शिकवणीनें तयार करतां येतो. प्लेस्टेशन टूचा कारखाना मात्र 2013 सालापासून बंद आहे. उरलेलीं यंत्रें भंगारांत गेलीं, तर तीं कोणाला शिकवून तयार करतां येणार नाहींत.