खतावणी मागणारा संचालक

मालात खोट निघाली तर ग्राहक आयोगाकडे दाद मागायची, हे आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण इंटरनेटवरच्या नावापत्त्यांचा कारभार कोण पाहतं आणि तिथं आपल्या वतीनं कोण बोलतं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो विचारणाऱ्या एका माणसाविषयी आज मला बोलायचं आहे. त्यांचं नाव कार्ल आउअरबाख.

हा कारभार पाहते आयकॅन ही संस्था. १९९८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याखाली ती स्थापन झाली. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांची नोंदणी कोणी चालवायची, त्यासाठी कोणत्या अटी पाळायच्या, एकाच नावावर दोघांनी हक्क सांगितला तर निवाडा कसा करायचा, हे सगळं तिथं ठरतं. त्या नियमांचा भार शेवटी येतो तो नाव घेणाऱ्या शाळेवर, दुकानदारावर, छोट्या संस्थेवर.

सन २००० मध्ये आयकॅननं एक धाडसी प्रयोग केला. एकोणीस जणांच्या संचालक मंडळातल्या पाच जागा जगभरातल्या सामान्य वापरकर्त्यांच्या मतांनी भरायचं ठरलं. वय सोळा पूर्ण असलं आणि ईमेल व टपालाचा पत्ता असला की कुणालाही मतदार होता येत असे. नोंदणीनंतर घरी टपालानं एक गुप्त क्रमांक यायचा आणि तो वापरूनच मतदाराची नोंद पक्की व्हायची. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं. जगभरातून ३४,०३५ मतं पडली. त्यातली निम्म्याहून अधिक, म्हणजे १७,७४५, एकट्या आशिया-पॅसिफिक विभागातली होती.

उत्तर अमेरिकेच्या जागेवर आउअरबाख निवडून आले. त्यांच्याविरुद्ध लॉरेन्स लेसिग यांच्यासारखे नावाजलेले कायदेपंडित उभे होते. आउअरबाख व्यवसायानं नेटवर्क अभियंता, इंटरनेटच्या बाल्यावस्थेपासून त्यात काम केलेले. शिवाय त्यांनी कायद्याचंही शिक्षण घेतलं होतं. यंत्र कसं चालतं आणि करारात काय लिहिलं आहे, या दोन्ही गोष्टी कळणारा प्रतिनिधी लोकांना मिळाला. मंडळात आपण कोणत्या ठरावावर कसं मत दिलं आणि का दिलं, याची टिपणं ते जाहीरपणे प्रसिद्ध करत. ज्यांनी निवडून दिलं त्यांना हिशेब द्यायचा, ही त्यांची रीत होती.

मग त्यांनी संस्थेकडेही हिशेब मागितला. त्यांना आयकॅनची खतावणी आणि इतर दप्तर पाहायचं होतं. संस्थेचं म्हणणं असं, की आधी आमच्या अटी मान्य केल्याची सही द्या, मग कागद दाखवू. आउअरबाख यांनी सही करायला नकार दिला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं संचालकाला संस्थेचं दप्तर पाहण्याचा आणि त्याच्या नकला घेण्याचा पूर्ण हक्क आहे. ज्यांच्या कारभारावर देखरेख ठेवायची, त्यांनीच देखरेखीच्या अटी कशा घालायच्या, हा त्यांचा मुद्दा होता. मार्च २००२ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेनं त्यांची बाजू लढवली. जुलैच्या अखेरीस न्यायालयानं आउअरबाख यांच्या बाजूनं निकाल दिला.

पण त्याच वर्षी आयकॅननं आपली घटना बदलली आणि थेट निवडणुकीच्या जागा रद्द केल्या. वापरकर्त्यांसाठी उरली ती एक सल्लागार समिती. कागद पाहण्याचा हक्क कोर्टात जिंकला, आणि तो बजावणारी निवडून आलेली खुर्चीच गेली. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. सल्लागाराचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. संचालकाचं मत मोजावं लागतं. या दोहोंत फार मोठं अंतर आहे.

ते अंतर किती महागात पडू शकतं, हे डॉट ऑर्गच्या प्रकरणात दिसलं. सेवाभावी संस्था प्रामुख्यानं हेच नाव वापरतात. त्याच्या शुल्कवाढीवर असलेली मर्यादा आयकॅननं २०१९ मध्ये उठवली. तीन हजारांहून अधिक लेखी अभिप्राय आले होते, जवळजवळ सगळे विरोधात. तरीही ती उठली. काही महिन्यांतच ही नोंदणी एका खासगी गुंतवणूक कंपनीला एक अब्जाहून अधिक डॉलरना विकण्याचा करार जाहीर झाला. जगभरातल्या संस्थांनी आवाज उठवला, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनीही आक्षेप घेतला, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅननं या व्यवहाराला संमती नाकारली. शेवट चांगला झाला, पण त्यासाठी केवढी धावपळ करावी लागली!

दरम्यान काही बदल चांगलेही झाले. २०१० पासून मंडळात वापरकर्त्यांच्या संघटनांनी निवडलेला एक संचालक मतदानाच्या हक्कासह बसतो. २०१६ मध्ये आयकॅनवरची अमेरिकी सरकारची देखरेख संपली, तेव्हा नव्या घटनेत त्या सल्लागार समितीलाही हिशेबाची पुस्तकं पाहायला मागण्याची सोय झाली. आउअरबाख ज्या दारावर धडका देत होते, ते थोडं तरी किलकिलं झालं.

हा विषय परदेशातला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे नाव देवनागरीत, मराठीसाठीही, उपलब्ध आहे. २०१६ मध्ये आयकॅनची बैठक हैदराबादला भरली होती. या बैठकांत घरबसल्या, विनाशुल्क भाग घेता येतो, आणि मसुद्यांवर कुणीही लेखी मत देऊ शकतं. आपल्याकडे ग्राहक चळवळीचा मोठा वारसा आहे. वजनमापं, औषधं, घरं यांसाठी भांडणाऱ्या कार्यकर्त्यांनी आता या टेबलाशीही बसायला हवं. आणि बसताना निव्वळ सल्ला देण्यावर समाधान मानू नये. मताचा हक्क मागावा, आणि पहिल्याच दिवशी खतावणी मागावी.