घरातला जुना व्हीसीआर



गेल्या उन्हाळ्यात काटोलकडच्या एका गावातले निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. सोबत जुन्या चादरीत बांधलेले जड गाठोडे होते. सोडून पाहिले तर आत व्हीसीआर, आणि त्यावर एकच कॅसेट. म्हणाले, "बहिणीच्या लग्नाची आहे, १९९१ ची. यात आमची आई बोलते. फोटो पुष्कळ आहेत हो, पण तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही." आजचे माझे बोलणे त्या गाठोड्यावरूनच सुचलेले आहे.

आपल्यापैकी कित्येकांना ते दिवस आठवत असतील. वर्गणी काढून रात्रभरासाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, चौकात सतरंज्या टाकायच्या आणि उजाडेपर्यंत तीन सिनेमे पाहायचे. व्हीएचएस पद्धतीचे हे यंत्र जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणले. आपल्याकडे त्याचा बोलबाला झाला तो १९८२ च्या एशियाडच्या सुमारास, रंगीत दूरदर्शनबरोबर. पुढे सीडी आली, मोबाइल आला. २०१६ च्या जुलैत जपानच्याच फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. म्हणजे नवे यंत्र आता मिळायचे नाही. घरच्या माळ्यावर नाहीतर शाळेच्या कपाटात जे पडून आहे, त्यालाच पुन्हा चालते करायचे.

पण एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. यंत्र बिघडले तर दुसरे जुने यंत्र शोधून आणता येईल. लग्नाची, बारशाची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची फीत मात्र जगात एकच असते. म्हणून दुरुस्त केलेल्या यंत्राची परीक्षा त्या फितीवर घ्यायची नाही. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही, बरं का. काही वर्षांपूर्वी मी घरचीच बारशाची कॅसेट घाईघाईने यंत्रात सरकवली, आणि यंत्राने हातभर फीत चावून टाकली. ही फीत सेकंदाला साधारण २३ मिलिमीटर पुढे सरकते. तेव्हा हातभर म्हणजे वीसेक सेकंद झाले! ते नेमके नाव ठेवतानाचे होते.

आता यंत्र चालते कसे, ते थोडक्यात पाहू. कॅसेट आत गेली की यंत्राचे दोन हात फीत ओढून घेतात आणि एका चकचकीत, तिरक्या बसवलेल्या ड्रमभोवती गुंडाळतात. हा ड्रम आपल्याकडच्या यंत्रात सेकंदाला २५ फेरे फिरतो. त्याच्या कडेला दोन इवलीशी हेडे बसवलेली असतात आणि तीच फितीवरचे चित्र वाचतात. चित्राची एकेक रेघ केसापेक्षाही बारीक असते. त्यामुळे हेडावर धुळीचा कण बसला तरी पडद्यावर मुंग्या दिसू लागतात.

वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र एकदम विजेला जोडू नका. आधी प्लग काढलेलाच ठेवून वरचे झाकण उघडा. आत झुरळे असतात, पालीची अंडी असतात, एकदा तर मला कुंभारणीचे घर सापडले होते. मऊ ब्रशाने सारे स्वच्छ करा. पण जिथे वीज येते त्या भागाला हात लावू नका. तिथला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो आणि जबर झटका देतो. कपॅसिटर डोक्यावर फुगलेला दिसला, की ते काम जाणत्या कारागिराचे. शाळेतल्या यंत्राचे झाकण मुलांना उघडू देऊ नये, हे गुरुजींना सांगायला नकोच.

माझ्या अनुभवात दहांतली सात-आठ यंत्रे रबराने अडलेली असतात. नागपूरचा मे महिना आपल्याला ठाऊकच आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत रबरी पट्टे कधी कडक होतात, कधी सैल पडतात, तर कधी वितळून डांबरासारखे चिकट होतात. काटोलच्या गुरुजींच्या यंत्रात कॅसेट आत जात नव्हती, त्याचे कारण हेच. ते डांबर स्पिरिटाने पुसता पुसता माझी अर्धी दुपार गेली. जुना पट्टा सलग असेल तर त्याचा घेर दोऱ्याने मोजा. तो ताणलेला असतो, म्हणून नवा किंचित आखूड घ्या, शंभरास पाच इतका. मूळ कंपनीचाच हवा असे काही नाही.

फीत चावली जाते त्याचा दोष बहुधा आयडलर नावाच्या लहान चाकाचा असतो. रिकामी चकरी फिरवून फीत गुंडाळून घ्यायची, हे त्याचे काम. त्याची रबरी कड गुळगुळीत झाली की चकरी फिरत नाही, मागून फीत येतच राहते, आणि तिचा गुंता होतो. कड बारीक पॉलिश कागदाने थोडी खरखरीत केली तर दोन-चार कॅसेटी निघतात. कायमचा उपाय म्हणजे त्या मापाची नवी रबरी कडी. आणि कुठेही शिलाई मशीनचे तेल सोडू नका! तेलाचा एक थेंब रबरावर गेला की आपली सारी मेहनत वाया.

हेडे पुसायची ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने. औषधाच्या दुकानात मिळते. आपण विदर्भाचे लोक, कापूस आपल्या हाताशीच. पण येथे कापूस चालायचा नाही. त्याचा तंतू हेडात अडकतो आणि हेड मोडते. मऊ शामॉय चामड्याचा तुकडा ओला करून ड्रमाला नुसता टेकवून धरा, आणि दुसऱ्या हाताने ड्रम हळूहळू फिरवा. वर-खाली घासायचे नाही. फितीच्या वाटेवर जे मार्गदर्शक खांब असतात, त्यांच्या स्क्रूंना तर हातही लावू नये. ते कारखान्यात एकदाच जुळवलेले असतात.

एक गंमत सांगतो. गुरुजींचे यंत्र सारे काही बसवून ओसरीत लावले, तर ते चालू होऊन लगेच थांबे. पुन्हा लावले, पुन्हा थांबले. त्याचे असे, की फितीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. तिच्यातून उजेड पलीकडच्या डोळ्यावर पडला की यंत्र समजते, फीत संपली. झाकण काढलेले, आणि वरून सकाळचे ऊन. यंत्र बिचारे फसले! वर पुठ्ठा धरताच नीट चालू लागले.

मग आधी एका टाकाऊ सिनेमाची कॅसेट अर्धा तास चालवली. पुढे नेली, मागे आणली, काढून फितीच्या कडा पाहिल्या. त्यानंतर गुरुजींची कॅसेट हातात घेतली, तीही खिडकीतून चकरी निरखूनच. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी यंत्रातून दुसऱ्या फितींना लागते. सुदैवाने ही कॅसेट स्वच्छ होती. कॅसेटी नेहमी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, ओलीपासून आणि लाउडस्पीकरपासून दूर.

यंत्र चालले म्हणून हौसेने चार वेळा बघत बसू नका. पहिल्याच खेपेला नक्कल करून घ्या. यंत्रामागची पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. मध्ये एक लहान उपकरण लावले की ती कॉम्प्युटरला जोडता येते. फीत पूर्ण चालेल तेवढाच वेळ नकलेला लागतो. झालेली नक्कल दोन वेगळ्या जागी ठेवावी, आणि मूळ कॅसेटही टाकू नये.

गुरुजींची फीत पावणेतीन तासांची निघाली. दोन तास होऊन गेले तरी आई काही बोलेना. पाहुणे जेवत होते, वाढपी ओरडत होते. मग मुलीच्या पाठवणीला एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "पोचल्यावर पत्र टाक." एवढेच. गुरुजींनी ते पुन्हा लावायला सांगितले नाही. नक्कल पुरी होईपर्यंत ते ओसरीत जाऊन बसले.