आधी गळती, मग रंग
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या रो-हाऊसचं नवं रूप सगळ्यांनी पाहिलंय, त्यावर चार शब्द बोला." पाहिलंय ते बाहेरून. आज आतली गोष्ट सांगतो.

चार वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "बाबा, घर जुनाट दिसतंय." झालं, दर्शनी भिंतीला राखाडी टाइल्स लावायच्या आणि हॉल-स्वयंपाकघरामधली भिंत पाडून ओपन किचन करायचं ठरलं. गवंडी घण घेऊन आला, तेवढ्यात हिने विचारलं, "अहो, वरच्या बेडरूमची भिंत याच भिंतीवर आहे ना?" इंजिनिअरला बोलावलं. भिंत नऊ इंची, वर बीम नाही. भिंत वाचली, आणि आम्हीही! मधलं दार तेवढं काढलं. त्यानेही हॉल मोकळा वाटतो.

बाहेर मात्र विचारणारं कोणी नव्हतं. गच्चीच्या कठड्याला भेग होती, ती न भरताच खाली टाइल्स लावल्या. पाणी टाइल्सच्या मागून उतरलं आणि सामाईक भिंतीतून शेजारच्या काकूंच्या देवघरात पोचलं. दोन पावसाळे काकूंनी देव हॉलमध्ये हलवले, पण आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. गणपतीत दर्शनाला गेलो तेव्हा कळलं. म्हणाल्या, "तुम्ही एवढा खर्च केलात, सांगायचं कसं?" मान खाली गेली.

मग टाइल्स उतरवल्या. भेग खोदून भरली, कठड्याला नवा गिलावा केला, गच्चीला उतार देऊन वॉटरप्रूफिंग केलं, तीन दिवस पाणी तुंबवून तपासलं. भिंत पूर्ण वाळल्यावर साधा रंग दिला. तोच तुम्ही पाहताय.

आपल्या घरांना २५ वर्षं झाली. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी करायचं असतं. तो कागदी सोपस्कार समजू नका. काम काढण्याआधी इंजिनिअरला भिंत दाखवा, सोसायटीला पत्र द्या आणि शेजारी जाऊन विचारा, "तुमच्याकडे ओल येते का?" भिंतीची एक बाजू आपली असते, दुसरी शेजाऱ्याची.

गेल्या पावसाळ्यात काकूंचे देव देवघरातच होते. आमच्या नूतनीकरणाचं खरं उद्‌घाटन तेच.