माळ पडीक नाही!
(महिला मेळाव्यातील भाषण)



सरकारी दप्तरात आपल्या माळाची नोंद ‘पडीक’ अशी होते. सोलापूर-पुण्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात हाच माळ शेळ्यामेंढ्या जगवतो, भूमिहीन बाईला गवताचा भारा देतो. आपलं घरकाम जसं कामात धरत नाहीत, तसा माळ जमिनीत धरत नाहीत. मग तिथे खड्डे खणून झाडं लावतात, नाहीतर तो सौर प्रकल्पाला देतात.

चांगल्या माळावर पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी अशी अनेक गवतं आणि शेंगांच्या रानवनस्पती एकत्र नांदतात. पावसाने ओढ दिली तर एक वाळतं, दुसरं तग धरतं. माती उलथली की मुळांचं हे जाळं तुटतं.

मोडलेला माळ पुन्हा उभा करता येतो. पण बाहेरून पिशवीत आलेल्या एका जातीच्या बियाण्याने नव्हे. स्टायलो मूळचा अमेरिका खंडातला. तो पेरून चारा मिळेल, माळ मिळणार नाही. शेजारच्या चांगल्या माळाचं बी आपल्या मातीला, आपल्या पावसाला सरावलेलं असतं.

पावसाळा सरताना बी हाताला सुटू लागलं की ते अनेक ठोंबांवरून थोडं थोडं घ्यायचं, बरंचसं जागेवरच ठेवायचं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायचं. बऱ्याच गवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने विसावा लागतो. जूनच्या तोंडावर ते उघड्या जागी वरवर पसरायचं. नांगर घालायचा नाही, खोल पुरायचं नाही.

नव्या गवताला मूळ धरेपर्यंत चराई थांबवावी लागते. सगळा माळ एकदम बंद केला, तर मेंढपाळ बाईने जायचं कुठे? म्हणून एकेक तुकडाच बंद करायचा, आणि कोणता ते तिला विचारून ठरवायचं.

कोणतं गवत कधी पिकतं, कोणतं जनावर काय खातं, हे बायांना ठाऊक आहे. तरी बियाणं निवडताना आपल्याला कुणी विचारत नाही. बी वेचायला मात्र बोलावतात, तेही फुकट. माळ वनजमिनीत असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा हक्क आहे. त्याच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. तिथे नुसत्या सह्या करून परतू नका. ठराव मांडा: बी आमच्या माळाचं, वेचणीला पुरी मजुरी, आणि निर्णयात आम्ही!